स्टिअरिंगचं नंतर बघू, आधी बसणार कशावर?

ऑफिसात कुणाला कळलं की मी घरी रेसिंग सिम, म्हणजे स्टिअरिंग-पेडल लावून स्क्रीनवर चालवायचा खऱ्यासारखा रेसिंग गेम, खेळतो, की पहिला प्रश्न ठरलेला, स्टिअरिंग कुठलं घेतलंस. दुसरा, कितीला पडलं. सीटबद्दल कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त डोकं तिथेच लावायला पाहिजे, कारण स्टिअरिंगचं काय, आज लॉजिटेकचं जी२९ घ्या, उद्या विकून मोझाचं आर५ घ्या, सेकंडहँडला गिऱ्हाईक मिळतंच. पण सीट आणि फ्रेम एकदा घरात शिरली की ती फर्निचर होते. आणि ठाण्यात टू बीएचकेमध्ये राहणाऱ्याला नवीन फर्निचर म्हणजे काय हे मी सांगायला नको, आमच्याकडे घोडबंदर रोडला बिल्डर ज्याला मास्टर बेडरूम म्हणतो त्यात पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं.

तर हे त्या लोकांसाठी, ज्यांच्याकडे व्हील-पेडल आलंय, टेबलाला क्लॅम्प करून झालंय, आठवडाभर मजा आली आणि आता काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाहीये.

ब्रेक खटकतोय. माझी पैज.

म्हणजे बघा, चाकाच्या खुर्चीवर बसून खेळताय, इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकला मेन स्ट्रेटवरून अडीचशेच्या वर स्पीडने येताय, समोर पहिली शिकेन, म्हणजे वेग तोडायला लावणारं डावं-उजवं वळण, ब्रेकवर पाय दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी तुम्हीच कपाटाकडे निघालात. यावर जुगाड सगळ्यांनी केलेत. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घालून ठेवायची (हसू नका, चालतं), खुर्चीच्या दांड्यापासून पेडलपर्यंत बॅगेचा पट्टा बांधायचा, पेडल भिंतीला टेकवायचे. ऐरोलीचा माझा एक मित्र आहे, त्याने खुर्चीमागे तांदळाचा डबा लावला होता, वहिनींनी तो भात लावायच्या वेळेला ओढून नेला तेव्हा भाई रेसमध्ये दुसऱ्या नंबरवर होता.

साध्या पेडलमध्ये, जी२९ वगैरे, आत पोटेन्शिओमीटर असतो, तो फक्त पेडल किती खाली गेलं एवढंच मोजतो. लोड सेलवाला ब्रेक वेगळा, तो जोर मोजतो. पेडल फारसं हलतच नाही, तुम्ही ढकलत राहता, आणि किती ब्रेक लागलाय ते मांडीला कळतं, डोळ्यांना नाही. खऱ्या रेसिंग कारमध्ये असंच असतं, एफ वनचे ड्रायव्हर तर शंभर किलोच्या वर जोर देतात. आपण घरी सेटिंगमध्ये तीस-चाळीस किलोवर ठेवतो, पण तेवढासुद्धा जोर जाणार कुठे? शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम, तुम्ही पेडलला ढकलता तेवढंच पेडल तुम्हाला ढकलतं, आणि तुम्ही जाऊन सीटच्या पाठीवर दाबले जाता. ती पाठ जर दोन बोटं मागे झुकली तर प्रत्येक वेळी ब्रेक वेगळा लागतो. एकदा कॉर्नर बरोबर जमतो, पुढच्या लॅपला त्याच जागी दाबून टायर लॉक. मग आपण यूट्यूबवर ब्रेकिंगचे व्हिडिओ बघत बसतो, आणि प्रॉब्लेम असतो पाठीमागे.

म्हणून माझ्यापुरतं सूत्र एकच, सीट हा ब्रेकचाच पार्ट आहे. आराम, लुक, लाल धाग्याची शिवण, हे सगळं नंतर. दुकानात किंवा कुणाच्या घरी सीट बघायला गेलात तर पहिल्यांदा काय करायचं, बसायचं, दोन्ही पाय पेडलच्या प्लेटवर ठेवायचे आणि जिममध्ये लेग प्रेस करतात तसं पूर्ण ताकदीने ढकलायचं. काय हलतंय ते बघा. दुकानदार ओरडेल, ओरडू दे.

आता ती लाल-काळी गेमिंग चेअर, जी प्रत्येक सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळते. ती रेसिंग सीट नाही हो. तिच्या पाठीला वर दोन भोकं असतात ना, ती खऱ्या बकेट सीटमध्ये (रेसिंग कारची, अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी सीट) हार्नेसचे, म्हणजे रेसिंगच्या सीट बेल्टचे, पट्टे आत यायला असतात, गेमिंग चेअरमध्ये त्यातून फक्त मानेच्या उशीचं इलॅस्टिक जातं. खाली गॅसचा दांडा आणि पाच चाकं. कोडिंग करायला घ्या, मीटिंगला घ्या, ब्रेक मारायला नको.

व्हील स्टँडवर जास्त लिहीत नाही. स्टिअरिंग आणि पेडल एका लोखंडी स्टँडवर लागतात, खुर्ची तुमचीच, म्हणजे मूळ दुखणं जागच्या जागी. कॉलेजच्या पोरांना, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ठीक आहे.

घडीच्या सीटचं प्रकरण मात्र नीट बघण्यासारखं आहे, कारण आपल्याकडच्या घरांना तोच एक प्रकार खरा सूट होतो. प्लेसीट चॅलेंज हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, कंपनी डच, १९९५ पासून हेच काम करते. लोखंडी पाइपची फ्रेम, त्यावर ताणलेलं कापड, आरामखुर्चीसारखं, आणि खेळ झाला की घडी घालून दाराच्या मागे. पाहुणे आले तर कुणाला पत्ता लागत नाही. कापड असल्यामुळे पाठ घामेजत नाही, तासभर बसलं तरी. जी२९ किंवा थ्रस्टमास्टरच्या बेल्टवाल्या व्हीलपर्यंत एकदम मस्त. अडचण कुठे येते तर लोड सेल आणि डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे ज्यात स्टिअरिंग थेट मोटरवर बसतं त्याला. जी२९ चा फोर्स, म्हणजे स्टिअरिंग हाताला ज्या जोराने ओढतं तो, साधारण २ न्यूटन-मीटरच्या आसपास, आर५ चा (ते डायरेक्ट ड्राइव्हच) ५.५, त्याच्या वरचे १० आणि २० वालेसुद्धा आहेत. घडीच्या फ्रेममध्ये जिथे जिथे बिजागरी तिथे तिथे थोडी ढिलाई, ती २ ला जाणवत नाही, ८ ला जाणवते. आणि कापड ताणलेलं असलं तरी शेवटी कापड, ब्रेक मारला की पाठ आत जाते. तर पुढे अपग्रेडचा किडा वळवळणार नसेल तर डोळे झाकून घडीची घ्या. किडा वळवळणार असेल (वळवळतोच) तर पुढे वाचा.

मी अगोदर वाशीला एका गेमिंग कॅफेत जाऊन फिक्स्ड बकेट सीटवर बसून आलो. फायबरग्लासचं एक अख्खं कवच, रिक्लाइन नाही, काही नाही. पहिली दहा मिनिटं स्वर्ग, एकदम धरून ठेवते, ब्रेक म्हणजे भिंतीला पाठ लावून मारल्यासारखा. अर्ध्या तासाने मांडीच्या बाजूच्या कडा बोचायला लागल्या, कारण बकेट सीट ज्यांच्या मापाने बनतात ती माणसं रात्री साडेदहाला वडापाव खात नाहीत. बकेट घ्यायची असेल तर कंबरेचा घेर विसरा, पँटचा नंबर इथे कामाचा नाही. भिंतीला टेकून खुर्चीवर बसा, दोन्ही बाजूंना मांडीला चिकटवून दोन जाड पुस्तकं उभी धरायला सांगा कुणाला तरी, आणि त्या दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. तेच माप सीटच्या आतल्या रुंदीशी जुळवायचं. खांद्यांचं माप पण असंच. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेली सीट असते, ती दिसायला भारी, पण मोठा हेडफोन घालणाऱ्याचं डोकं वळलं की टक्कर.

एक गंमत सांगतो, स्पार्को-ओएमपी या कंपन्यांच्या खऱ्या रेसिंग सीटवर एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचं, लेबल असतं. त्यातल्या ८८५५-१९९९ या स्टँडर्डच्या सीटला बनल्यापासून ५ वर्षांची मुदत असते, मग ती रेसला चालत नाही. सीट ठणठणीत असते, फक्त कागदावर म्हातारी होते. अशी मुदत संपलेली सीट स्वस्तात मिळाली तर सोडू नका, कारण आपला अपघात फक्त स्क्रीनवर होतो.

मला तशी काही मिळाली नाही. मग सगळे जिथे जातात तिथे गेलो, कुर्ल्याला, सीएसटी रोडला. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, एका ओळीत बंपर, एका ओळीत दरवाजे, हेडलाइटचे ढीग, आणि सीटा एकावर एक रचलेल्या अगदी छतापर्यंत. मला हवी होती जुन्या सेडानची पुढची ड्रायव्हर सीट, मॅन्युअल, बाजूला नीट उभार असलेली, स्लायडरसकट. पाऊस होता, दुकानवाल्याने ताडपत्रीखालून एक ऑक्टाव्हियाची ओढून काढली. मी बघितलं काय काय ते सांगतो, कारण हे माहीत नसेल तर फसाल. पहिलं, खाली हात घालून स्लायडरची पट्टी ओढायची आणि दोन्ही बाजू एकदम सुटतायत का बघायचं, एक बाजू अडकत असेल तर सीट तिरकी चालते आणि मग ती कधीच सरळ होत नाही. दुसरं, पाठीचा खटका, पाठ लॉक करून मागून गदागदा हलवायची, थोडी कडकड सगळ्यांचीच असते पण लटपटली तर नको. तिसरं, फोम, बसल्यावर खालची स्प्रिंग टोचायला नको. चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसतोय का. पिवळं म्हणजे एअरबॅगचं सर्किट. पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर आत न फुटलेली एअरबॅग असू शकते, त्या वायरीला मल्टिमीटर-बिल्टिमीटर लावायला जाऊ नका, सरळ दुसरी सीट मागा. पहिल्या सीटला पिवळी वायर होती. दुसरी काढली, तीही ऑक्टाव्हियाचीच, तिला नव्हती. साडेपाच हजार सांगितले, चारला दिली.

आता खरी परीक्षा, घर. आईने दारातच विचारलं, "अरे, कुणाच्या अपघाताच्या गाडीची असेल, त्यावर बसून कुणी गेलं असेल तर?" याला मी काय उत्तर देणार. मी म्हटलं आई, गाडी जुनी झाली म्हणून मोडीत काढली. "तुला त्याने सांगितलं?" नाही सांगितलं. सीट दोन दिवस बाल्कनीत उन्हात, ढेकणांसाठी वाफेचं मशीन, कापडाला शँपू, आणि आईने तिच्या समाधानासाठी गोमूत्र शिंपडलं ते वेगळं. दसऱ्याला मात्र तिनेच स्कूटर, गाडी आणि या सीटला, तिघांना झेंडूचा हार घातला, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, आता हळद त्या बटणाच्या फटीतून निघत नाहीये पण मी काही बोललो नाही.

कापडाच्या सीटवर मी अडून बसलो होतो त्याला कारण आहे. दिसायला लेदर, पण स्वस्तातल्या सीटवर असतं ते पीयू, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. दमट हवेत तो थर हळूहळू तुटतो, हायड्रोलिसिस म्हणतात त्याला, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. ठाण्यात जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते तिथे पीयूची काय कथा. शिवाय एसी बंद असेल तर वीस मिनिटांत टीशर्ट पाठीला चिकटतो. सुएडसारखं किंवा साधं विणलेलं कापड बघा, काळं नको, धूळ दिसते, राखाडी बरं.

फ्रेमसाठी दोन रस्ते होते, लोखंडी पाइप वेल्डिंग करून घ्यायचे किंवा ॲल्युमिनियम प्रोफाइल. वेल्डिंग स्वस्त, पण एकदा जोडलं की जोडलं, पेडल एक इंच पुढे पाहिजे तर परत ग्राइंडर. प्रोफाइलचं तसं नाही, त्याला चारी बाजूंनी खाचा असतात, त्यात टी-नट सरकतो, कुठेही बोल्ट मारा, काढा, सरकवा. फॅक्टरीत मशीनची टेबलं, गार्ड वगैरे याच्यावरच बनतात, त्यामुळे ज्यांच्या शेजारी वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे आहे त्यांनी हे बाहेरून मागवायची गरजच काय. ४० बाय ८० चं प्रोफाइल खालच्या दोन लांब दांड्यांना आणि स्टिअरिंगच्या खांबांना, ४० बाय ४० आडव्यांना. मी कागदावर मापं काढून वागळे इस्टेटमधल्या एकाकडे गेलो, तो एकदम शांत माणूस, चष्म्यावरून कागद बघितला आणि म्हणाला, "साहेब, मशीन कसलं आहे?" गाडीचं आहे म्हटलं. "गाडीचं म्हणजे?" मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मग त्याने आपणहून पेडलच्या खालची पट्टी ४० बाय ४० ची खोडून ४० बाय ८० केली, उभी लावा म्हणाला, लोड इथेच येणार. व्हिडिओ एकदा बघून त्या माणसाला कळलं ते मला समजायला महिने लागले होते.

एक लक्षात ठेवा, गाडीच्या सीटचे चार बोल्ट एका लेव्हलला नसतात, गाडीचा फ्लोअर सपाट नसतो म्हणून पुढचे पाय आणि मागचे पाय वेगळ्या उंचीचे असतात. फ्रेम सपाट, सीट तिरकी. खाली स्पेसर घालावे लागतात, लोखंडी घाला, लाकडाचे ठोकळे नको, पावसाळ्यात फुगतात. आणि बोल्ट सगळीकडे एम८ चे, एकाच प्रकारच्या डोक्याचे घेतले तर एकच ॲलन की चालते.

बसायची पद्धत दोन, जीटी आणि फॉर्म्युला. जीटी म्हणजे आपल्या गाडीसारखं, जरा खाली, जरा मागे रेललेलं. फॉर्म्युला म्हणजे टाचा कंबरेच्या लेव्हलला किंवा वर, जवळजवळ आडवे. चाळिशीकडे झुकलेल्यांना माझा सल्ला जीटीच, फॉर्म्युलातून उठताना आधी एका कुशीवर व्हावं लागतं, आणि दाराची बेल वाजली, दूधवाला आलाय, तर काय करणार. अंतर लावायचं सोपं आहे. पाठ पूर्ण टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, खांदा सीटवरून न उचलता. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे, सरळ झाला तर जोर सांध्यावर येतो. मोटर ट्रेनिंग स्कूलवाल्या सरांनी हेच सांगितलेलं असतं, आपण तेव्हा ऐकलेलं नसतं.

स्लायडर का हवा याचं खरं कारण बायको आहे. ती पाच फूट एक, मी पाच अकरा. फिक्स्ड सीट असती तर ती एकदा बसून परत बसली नसती. आता ती पट्टी ओढते, सीट पुढे घेते, आणि जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा ट्रॅक, नॉर्डश्लाइफ, माझ्यापेक्षा कमी वेळा गाडी ठोकून पूर्ण करते. हीच बाई सकाळी मानपाड्याच्या सिग्नलला सेकंडच्या वर गिअर टाकू शकत नाही, कारण तिथे सेकंडच्या वर कुणालाच जाता येत नाही.

जागेचं म्हणाल तर फ्रेम साधारण साडेचार फूट बाय दोन फूट, सीटसकट वजन चाळीस किलोच्या वर. सुटे पार्ट आणले म्हणून लिफ्टमध्ये मावलं, जोडलेली फ्रेम मावली नसती. हॉलच्या कोपऱ्यात राहते, पण गणपतीत तो कोपरा मखराचा, तिथे वाद नाही, म्हणून खाली चाकं पाहिजेत. चाकं साधी लावू नका, नाहीतर आपण परत पहिल्या शिकेनच्या कपाटाकडे. पाय खाली फिरवून चाक हवेत उचललं जातं अशी लेव्हलिंगवाली मिळतात, मशीनच्या सामानाच्या दुकानात, जरा महाग पडतात पण तीच घ्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विचार पण करा. डायरेक्ट ड्राइव्ह मोटर आवाज करत नाही, आवाज जातो तो पेडल आपटल्याचा, थेट स्लॅबमधून, आणि रात्री बाराला त्यांना वाटतं वर कोणीतरी खलबत्ता कुटतंय. जिममध्ये टाकतात त्या जाड रबरी टाइल फ्रेमच्या पायांखाली टाकल्या, तेव्हापासून लिफ्टमध्ये काकू परत हसून बोलतात. सीटखाली बेस शेकर (गेममधल्या गाडीची थरथर सीटला देणारं यंत्र) लावायचा विचार मात्र या बिल्डिंगमध्ये सोडून दिलाय.

सध्या एकच काम झालंय, सीटचं जुनं कापड मांडीपाशी विरलं होतं म्हणून माजिवड्याला सीट कव्हरवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं गाडी कुठे लावलीय. गाडी नाहीये, सीट घरी आहे, एकच आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला एक शिवत नाही, सेटच घ्यावा लागेल, पुढच्या दोन आणि मागची आख्खी. खूप घासाघीस केली, ऐकेना. तर ऑक्टाव्हियाच्या मागच्या सीटचं आणि पुढच्या डाव्या सीटचं कव्हर, राखाडी, एकदम नवीन, पाकिटातसुद्धा तसंच, आमच्या माळ्यावर पडलंय. ठाण्यातल्या कुणाला पाहिजे असेल तर येऊन घेऊन जा, येताना पेडलवर लेग प्रेस पण करून बघा.